फ्रँकची खोली आणि आमचा जिना

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी एमए मराठीला प्रवेश घेतला. वय २८, इंजिनिअरिंगची डिग्री झालेली, हिंजवडीतल्या नोकरीला सहा वर्षं झालेली. टीममध्ये सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "एमए? एमबीए म्हणायचंय ना तुला?" आईने विचारलं, "त्याने पगारात काय फरक पडतो?" आत्याने विचारलं, "म्हणजे लग्न अजून दोन वर्षं पुढे?" तिघांनाही मी हसून टाळलं, कारण खरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या मशीनला समजेल असं लिहीत होते. आता माणसाला समजेल असं काहीतरी लिहायचं आणि वाचायचं होतं, एवढंच ठाऊक होतं.

माझी शिफ्ट दुपारी दोनला सुरू होते आणि कॉलेज सकाळी असतं, म्हणून हे जमलं. अकराला तास संपला की मी कंपनीची बस गाठते आणि वाकडच्या ट्रॅफिकमध्ये मोबाईलवर सिनेमे बघते. 'एज्युकेटिंग रीटा' मी असाच चार हप्त्यांत पाहिला. मग नाटकाची संहिता मिळवून वाचली. मग 'इंग्लिश विंग्लिश' आणि 'निल बट्टे सन्नाटा' पुन्हा बघितले. मोठेपणी शिकायला परत गेलेल्या माणसांच्या गोष्टी मी जमवायलाच लागले होते, आणि त्या सगळ्यांत मला एकच गोष्ट शोधायची होती: यातला शिक्षक नेमकं करतो काय?

हा प्रश्न पडायला कारण होतं. पहिल्या सेमिस्टरच्या अंतर्गत निबंधात आमच्या सरांनी मला वीसपैकी आठ मार्क दिले होते. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, कॉलेजमध्ये मला सगळ्यात जास्त साथ कुणी दिली असं विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते मला या सिनेमांकडून समजून घ्यायचं होतं.

*

या गोष्टींचा एक साचा असतो. पहिल्या दिवशी वर्गात जाताना पाय अडखळतात, बाकीचे हसतात, एक चांगला शिक्षक भेटतो, परीक्षा होते, टाळ्या वाजतात. आपलेही डोळे पाणावतात. माझे तर दर वेळी पाणावतात, त्याबद्दल तक्रार नाही.

'इंग्लिश विंग्लिश' घ्या. २०१२ चा गौरी शिंदेचा सिनेमा. पुण्याची शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते आणि घरच्यांना न सांगता चार आठवड्यांचा इंग्रजीचा क्लास लावते. क्लासमध्ये एक सॉफ्टवेअर इंजिनिअरही आहे, राममूर्ती, त्याला बघून मला उगाच आपल्या माणसासारखं वाटलं. शिक्षक डेव्हिड प्रसन्न आहे, हौसेने शिकवतो, कुणाला हिणवत नाही. पण डेव्हिडने शशीला काय शिकवलं ते आठवून बघा. फारसं आठवत नाही. शशी शिकते ती बरीचशी स्वतःच, सिनेमे बघून, पाठ करून, गृहपाठ करून. डेव्हिडचं काम एवढंच, की जो मान तिला नवरा आणि मुलगी देत नाहीत तो त्याने द्यायचा. सिनेमापुरतं ते पुरेसंही आहे, कारण शशीची खरी परीक्षा क्लासमध्ये नसून घरात आहे. शेवटची तोंडी परीक्षा लाडवांच्या भानगडीत बुडते आणि सर्टिफिकेट तिला लग्नातच मिळतं. कुणाला खटकतही नाही.

'निल बट्टे सन्नाटा' (२०१६) कॉलेजचा नाही, शाळेचा आहे. आग्र्यात घरकाम करणारी चंदा मुलीच्याच दहावीच्या वर्गात जाऊन बसते. तिथले मुख्याध्यापक, म्हणजे पंकज त्रिपाठी, धमाल आहेत. पण चंदाला उभं करते ती तिची मालकीण, आणि तिची गणिताची भीती घालवतो तो वर्गातला एक हुशार मुलगा. इथे शिक्षक मागच्या पडद्यासारखा आहे.

आता याच्या उलटं टोक आपल्या घरातलंच. 'ती फुलराणी'. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी केलेलं, १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेलं. भक्ती बर्वेंनी गाजवलेलं मंजुळाचं स्वगत गॅदरिंगमध्ये कुणी ना कुणी केलेलं तुम्ही पाहिलंच असेल. मी अकरावीत स्वतः केलंय, आणि दुसरा नंबर आला होता. यातला प्राध्यापक मात्र खरंच शिकवतो. उच्चार घासून घेतो, रात्री जागवतो, स्वतःही राबतो. पण मंजुळा त्याच्यासाठी पैज आहे. ती जिंकल्यावर मंजुळाचं पुढे काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही.

म्हणजे एकीकडे मान देणारा शिक्षक, ज्याचं शिकवणं आपल्याला दिसत नाही. दुसरीकडे जीव तोडून शिकवणारा शिक्षक, ज्याच्याकडे मान नाही. 'एज्युकेटिंग रीटा' मला या दोघांच्या मधोमध सापडलं.

*

विली रसेलचं हे नाटक १९८० चं, आणि त्यावरचा सिनेमा १९८३ चा. दिग्दर्शक लुईस गिल्बर्ट. ज्युली वॉल्टर्स आणि मायकेल केन. रसेल स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून बायकांचे केस कापायचं काम करत होता. पुढे विशीत पुन्हा शिकला, शिक्षक झाला. रीटाही केस कापते. वय २६. लिव्हरपूलच्या कामगार वस्तीतली. नवरा डेनी म्हणतो, आता मूल होऊ दे. तिला त्याआधी स्वतःला शोधायचंय. नाटकात हे ऐकताना मला आत्याच आठवली.

नाटक सगळं एकाच खोलीत घडतं: फ्रँकची विद्यापीठातली खोली. पुस्तकांच्या मागे दारूच्या बाटल्या लपवलेल्या. पात्रं दोनच. फ्रँक एकेकाळचा कवी, आता स्वतःवर आणि विद्यार्थ्यांवर वैतागलेला. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं काम त्याने घेतलंय ते दारूचा खर्च निघावा म्हणून. रीटाला तो पहिल्याच दिवशी सांगतो की दुसरा कुणी शोध. ती हटत नाही.

सुरुवातीची एक जागा फार प्रसिद्ध आहे. इब्सेनचं 'पीअर गिंट' रंगमंचावर करताना येणाऱ्या अडचणी कशा सोडवाल, यावर निबंध लिहायचा असतो. रीटा एका वाक्यात उत्तर देते: रेडिओवर करा. आपण हसतो. उत्तर चुकीचं नाही, उलट हुशारीचं आहे. आमच्या क्षेत्रात असं उत्तर देणाऱ्याला प्रमोशन मिळेल. पण तो निबंध नाही, आणि फ्रँकला हे तिला सांगावं लागतं.

खरी कसोटी पुढे आहे. घरी मोठा तमाशा होतो, डेनी तिची पुस्तकं आणि कागद जाळतो, आणि त्यानंतरही ती 'मॅकबेथ'वर एक निबंध लिहून आणते. मनापासून लिहिलेला. फ्रँकला तो आवडतो, अगदी भिडतो. पण परीक्षेच्या हिशेबात त्याची किंमत शून्य आहे. फ्रँकला हे बोलायचं नाहीये. तिच्यातलं जे अस्सल आहे ते अभ्यासक्रमाच्या साच्यात घालून मारायला त्याचं मन धजत नाही. रीटा त्याला सोडत नाही. शेवटी ती तो निबंध फाडते आणि पुन्हा लिहायला बसते.

हा प्रसंग मी बसमध्ये तीनदा मागे नेऊन बघितला. कारण इथे फ्रँक चुकतोय असं मला वाटलं, आणि बहुतेक प्रेक्षकांना तो इथेच सगळ्यात गोड वाटत असणार.

शिक्षकाला विद्यार्थ्याचं कौतुक वाटणं वेगळं आणि त्याने विद्यार्थ्याला साथ देणं वेगळं. मोठेपणी परत आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हा फरक पटकन पुसला जातो. "नोकरी सांभाळून शिकतेस, कौतुक आहे हं!" हे वाक्य मी स्टाफरूमच्या दारात किती वेळा ऐकलं असेल. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या कौतुकात एक सूट लपलेली असते: तू आलीस हेच खूप झालं, तू काय लिहितेस ते आम्ही फार बारकाईने बघणार नाही. फ्रँक रीटाला तशीच सूट देऊ बघतो. रीटाला ती नको असते. ती पाहुणी म्हणून आलेली नाही.

आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. मी लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. दमलेला किंवा फार प्रेमळ सहकारी वर वर बघून 'एलजीटीएम' लिहितो, म्हणजे लुक्स गुड टू मी. आपल्याला बरं वाटतं आणि पंधरा दिवसांनी रात्री दोनला फोन येतो. चांगला सहकारी ओळ न् ओळ वाचतो, चाळीस शंका काढतो, आपण चिडतो. आणि अजून एक: तो आपल्या जागी बसून स्वतः कोड लिहीत नाही. फुलराणीचा प्राध्यापक नेमकं तेच करतो, विद्यार्थिनीच्या तोंडून स्वतःच बोलतो.

*

आता माझे आठ मार्क.

विषय होता दया पवारांचं 'बलुतं', १९७८ सालचं. मी पुस्तक दोन रात्रींत वाचलं होतं आणि हादरले होते. निबंधात तसंच लिहिलं. अंगावर काटा आला, डोळे उघडले, आपण किती सुरक्षित जगलो याची लाज वाटली. मध्ये कथासार, शेवटी समाजाने बदललं पाहिजे. नीट टाईप केलेली नऊ पानं.

सरांनी ती पेन्सिलीने तपासून परत दिली. समासात बारीक अक्षरात प्रश्न. पहिल्याच पानावर: "काटा आला हे मान्य. कुठल्या वाक्याला आला?" पुढे एका ठिकाणी: "हे तुमच्याबद्दल झालं. पुस्तकाबद्दल कधी?" आणि शेवटी: "यात कोण कुणाशी बोलतंय?"

मला राग आला. सकाळी सहाला उठून यायचं, रात्री अकराला घरी पोचायचं, आणि मिळणार काय तर आठ. वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुलीला चौदा होते. मी सरांना गाठलं ते भांडायलाच. त्यांना बसायला खोली नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल नाही, कपाट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर उभे राहिलो, बाजूने बीकॉमची पोरं धडधडत उतरत होती.

सरांनी मार्कांचा विषयच काढला नाही. म्हणाले, "पहिली पानं परत वाचा. गोष्ट सांगतोय दगडू. ऐकतोय दया पवार. माणूस एकच आहे ना? मग दोन का केले?"

मी गप्प. पुस्तकाची ही चौकट मी वाचली होती आणि प्रस्तावना समजून ओलांडून गेले होते. शिकलेला, शहरात रुळलेला, लेखक झालेला एक माणूस, आणि त्याच्याच आत राहणारा, गावकुसाबाहेरचं सगळं आठवणारा दुसरा. दुसऱ्याने पहिल्याला सांगायचं. शिकून माणसाचे दोन होतात आणि त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं, हे पुस्तकाच्या बांधणीतच होतं. मी काट्यावर अडकले होते, म्हणून मला दिसलं नाही.

मी निबंध पुन्हा लिहिला. मार्क बदलणार नव्हते, तसा नियमच नाही. सरांनी तोही वाचला, त्याच जिन्यावर, उभ्याने.

या दुसऱ्या निबंधानंतर मी 'एज्युकेटिंग रीटा'कडे परत गेले तेव्हा मला त्यात दगडू दिसायला लागला. तुलना सावधपणे करायला हवी. लिव्हरपूलची कामगार वस्ती आणि महारवाडा यांच्यात जातीचा अख्खा डोंगर उभा आहे आणि रीटाचं दुःख त्याच्या पायथ्यालाही पोचत नाही. पण बांधणी बघा. रीटाचं खरं नाव सुझन आहे. रीटा हे तिने एका आवडत्या लेखिकेवरून स्वतःच घेतलेलं. नाटकाच्या उत्तरार्धात, समर स्कूल करून आल्यावर, ती ते नाव टाकून देते. आता तिला रीटा म्हणणारा एकटा फ्रँकच उरतो. म्हणजे जिला तो अस्सल समजून जपायला बघत होता, तीही तिने घेतलेलं एक रूपच होतं. फ्रँकला हे पचत नाही. तो तिच्या नव्या मित्रांवर जळतो, आणि आपण एक राक्षस घडवला असं टोचून बोलतो. पुन्हा तेच: घडवणारा मी. मंजुळाच्या प्राध्यापकापासून तो फार लांब गेलेला नाही, फक्त त्याला स्वतःची कीव येते.

नाटकाचं मोठेपण मला इथे वाटतं. रसेल फ्रँकला संत करत नाही. तो दाखवतो की शिक्षकाने आधार देणं ही मालकीची सुरुवातही असू शकते, आणि विद्यार्थ्याला ती मालकी नाकारावी लागते. रीटा नाकारते. तरीही परीक्षेनंतर ती परत येते, आभार मानायला.

*

पण एका गोष्टीकडे नाटकाचं लक्षच नाही, आणि जिन्यावर उभं राहिल्यामुळे मला ती दिसली.

फ्रँककडे खोली आहे. दार आहे, खिडकी आहे, पुस्तकांच्या भिंती आहेत. कायमची नोकरी आहे. तो दारू पिऊन वर्गात जातो तेव्हा शिक्षा म्हणून विद्यापीठ त्याला ऑस्ट्रेलियाला पाठवतं! रसेलला हा विनोद आणि शोकांतिका दोन्ही वाटतं. मला बसमध्ये हसूच आलं. तासिकेवरचा प्राध्यापक असं काही करू शकला असता? त्याला तर तास घेतला तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. माझा दुसरा निबंध वाचायचे सरांना पैसे मिळाले नाहीत. पहिल्यावरच्या पेन्सिलीच्या खुणांचेही नाहीत. मी महिन्याला त्यांच्या कितीतरी पट कमावते, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे आणि आम्ही कधी बोललेलो नाही. रीटा आणि फ्रँकमध्ये वर्गाची पायरी होती, ती चढायला ती आली होती. आमच्यात ती पायरी उलटी आहे.

'आधार देणारे प्राध्यापक' म्हटलं की आपण स्वभावाबद्दल बोलतो. मनमिळाऊ, समजून घेणारे, वेळ देणारे. पण वेळ कुणाचा? रीटा फ्रँकच्या दारात पोचली ती त्याच्या चांगुलपणामुळे नाही. ती पोचली कारण ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली, १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले, आणि प्रवेशासाठी आधीच्या पात्रतेची अट तिने ठेवली नाही. फ्रँकला रीटासोबत बसायचे पैसे मिळत होते. चांगुलपणा नंतर आला. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं ते याच विचाराने, आणि आईच्या एका मैत्रिणीने अंगणवाडीतली नोकरी सांभाळून तिथून बीए केलं. आधी व्यवस्था दार उघडते, मग माणसं आत भेटतात. आमच्या कॉलेजात मात्र व्यवस्थेने दार ढकलून ठेवलंय आणि एक माणूस ते पायाने अडवून उभा आहे. हजेरीच्या खिडकीवर मला "नोकरी करता तर बाहेरून परीक्षा द्या ना" असं ऐकवलं गेलं. जिन्यावर मात्र माझा निबंध वाचला गेला.

म्हणून या सिनेमांवर माझा थोडा राग आहे. ते आपल्याला चांगल्या शिक्षकाची ओढ लावतात आणि त्याला खोली कोण देणार हे विचारत नाहीत. आपणही विचारत नाही. शिक्षकदिनाला स्टेटस ठेवतो.

*

यंदा जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात सरांचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. त्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात तास मिळाले आहेत, येऊन-जाऊन तीन तास प्रवास.

मी फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सर म्हणाले, "प्रबंधिकेचा विषय घेतलात का? पहिलं प्रकरण पाठवा." मी म्हटलं, "सर, आता तुम्ही कशाला..." ते म्हणाले, "पाठवा हो."

'एज्युकेटिंग रीटा' नाटक संपतं तेव्हा रीटा फ्रँकला खुर्चीत बसवते आणि कात्री काढते. त्याचे वाढलेले केस कापायचे हे ती पहिल्यापासून म्हणत असते. द्यायला तिच्याकडे तिची कला आहे, ती ज्या जगातून आली त्या जगातली. मला हा शेवट आधी जरा गोग्गोड वाटला होता. आता वाटत नाही.

सरांची पीएचडी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. नव्या मशीनवर फाईल उघडली की चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पुस्तक करायचं म्हणून एका प्रकाशकाने युनिकोडमध्ये मागितली होती, ते तसंच राहून गेलं. मी फाईल मागून घेतली आणि शनिवार-रविवार बसून एक स्क्रिप्ट लिहिली. रफार चुकीच्या अक्षरावर जात होता, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे पडत होती, जोडाक्षरं फुटत होती. ४१२ पानं आहेत. आतापर्यंत १८० झाली.

काम करता करता वाचतेही आहे. तिसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद मला पटला नाही. समासात मी प्रश्न लिहून ठेवलाय.